चाकाची रुंदी : धांवेपासून टायरपर्यंत



चाकाचा शोध कोणीं लाविला, हा प्रश्न शाळेंतील मुलें हमखास विचारीत. परंतु छत्तीस वर्षांच्या अध्यापनांत 'चाक किती रुंद असावें?' असें एकाही मुलानें मला विचारलें नाहीं. आणि पाठ्यपुस्तकांतही त्या प्रश्नाचा उल्लेख कोठें आढळला नाहीं. चाकाचा इतिहास म्हणून आपण जो वाचतों तो बहुधा व्यासाचा, आऱ्यांचा आणि वेगाचा इतिहास असतो. रुंदी बिचारी मागें राहते. वास्तविक रस्ते फुटले ते रुंदीमुळें, चिखलांत रुतलेल्या गाड्या ओढतांना बैलांच्या माना सोलल्या त्या रुंदीमुळें, आणि आज डोंगरवाटांनीं जीपगाड्या घेऊन जाणारे तरुण उलथून पडतात, त्यांतही पुष्कळदां हात असतो तो रुंदीचाच. या उपेक्षित विषयासंबंधीं चार गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. चाकाची रुंदी एक नसते. आसनाची रुंदी निराळी, आणि त्या आसनावर जें कांहीं चढवितात त्याची निराळी. लांकडी चाकांत आसन म्हणजे पाटे आणि त्यांवर चढते ती लोखंडी धांव. मोटारीच्या चाकांत आसन म्हणजे रिम आणि तिच्यावर बसतो तो टायर. या दोहोंच्या मिलाफांतून तिसरी रुंदी उत्पन्न होते, ती म्हणजे जमिनीला प्रत्यक्ष टेकणारी. भार वाहणारी रुंदी ही तिसरीच. डोळ्यांना मात्र ती दिसत नाहीं, कारण ती नेहमीं चाकाखालीं दडलेली असते.

आपल्या गोदावरीच्या खोऱ्यांतच, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें, १९७४ सालीं ब्राँझच्या वस्तूंचा एक ठेवा सांपडला. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि त्यावर एक माणूस उभा आहे. बहुतेक संशोधक त्याचा काळ इसवी सनापूर्वीचें दुसरें सहस्रक मानतात. त्या रथाचीं चाकें भरीव आहेत. त्यांना आरे नाहींत, धांवही नाहीं. अशा चाकाला आसन आणि कडें असा भेदच नसतो. जेवढा तुकडा तेवढी रुंदी. आपला प्रश्न त्या काळीं जन्मलाच नव्हता.

आश्चर्य हें कीं दख्खनच्या पठारावर हा काळ फार उशिरापर्यंत टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें माल चाले तो मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. गाड्या थोड्या, आणि ज्या होत्या त्यांतील पुष्कळांचीं चाकें दगडी तरी असत किंवा भरीव लांकडी तरी. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर, १८३६ च्या सुमारास, सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें लेफ्टनंट गेसफर्ड नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें सुधारलेल्या हलक्या गाड्या तयार करविण्याचा उद्योग चालविला. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना पानेंच्या पानें मिळतात आणि टेंभुर्णीच्या गाडीला एक ओळही मिळत नाहीं, याचें मला नेहमीं वाईट वाटे. कारण शेतकऱ्याचें धान्य तालुक्याच्या बाहेर पडलें तें या गाडीमुळें, तलवारीमुळें नव्हे. पुढें १८६५ सालीं कसाऱ्याहून थळघाट चढून इगतपुरीस आगगाडी आली, तेव्हां गाड्यांचें काम संपलें नाहीं, उलट वाढलें. प्रत्येक स्टेशन हें गाड्यांचें नवें बंदर झालें.

आऱ्यांच्या चाकाबरोबर धांव आली आणि दोन रुंद्या जुळविण्याचें शास्त्रही आलें. तें कोणत्याही ग्रंथांत नव्हतें. सुतार आणि लोहार यांच्या हातांत होतें. सुतार बाभळीचें लांकूड चांगलें वाळवून त्यांतून तुंबा, आरे व पाटे काढी. तुंबा म्हणजे मधला गाभा. त्यांत ठोकून बसविलेले ते आरे. आणि आऱ्यांच्या टोकांवर वर्तुळ पुरें करणारे वक्र तुकडे ते पाटे. कोणी त्यांस पुठ्ठे असेंही म्हणतात. येथवर सुताराचें राज्य. मग चाक लोहाराच्या हवालीं होई. तो लोखंडाची पट्टी वाकवून तिचें कडें करी, आणि हें कडें चाकाच्या घेरापेक्षां मुद्दाम किंचित् लहान ठेवी. जमिनीवर गोवऱ्या रचून त्यांच्या आगींत कडें तापवीत. तें लाल झालें कीं तिघे-चौघे लांब सांडशींनीं उचलून चाकावर घालीत, घणाचे ठोके देऊन बसवीत आणि लगोलग पाणी ओतीत. वाफेचा एक मोठा लोट उठे आणि त्याबरोबर सांधे आवळल्याचा कडकड आवाज होई. लहानपणीं हा सोहळा पाहण्यास आम्ही मुलें शाळा चुकवून जात असूं. पुढें मी मास्तर झालों, तेव्हां याच कारणासाठीं शाळा चुकविणाऱ्या मुलाला मीं कधीं छडी मारली नाहीं.

यांतील गणित सोपें आहे, म्हणून सांगतों. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारें १४ फूट. लोखंड ५०० अंशांनीं तापविलें तर एवढ्या घेरांत सुमारें एक इंचाची वाढ होते. निवतांना धांव तो इंच परत मागून घेते, आणि तुंबा, आरे व पाटे यांना एकमेकांत असें करकचून बांधते कीं त्यासाठीं दुसऱ्या खिळ्याची फारशी गरज राहत नाहीं. उन्हाळ्यांत लांकूड आक्रसून धांव सैल झाली, तर शेतकरी गाडी नदींत उभी करून ठेवी. पाटे फुगत आणि धांव पुन्हा घट्ट होई. घेराची जुळणी ती अशी. रुंदीची जुळणी मात्र उष्णतेनें साधत नाहीं, ती आधींच साधावी लागते. धांवेची पट्टी पाट्याच्या तोंडाइतकीच रुंद हवी. पट्टी बाहेर डोकावली तर तिची मोकळी कड दगडावर आपटून वाकते आणि वांकडी कड साऱ्या धांवेला सैल करते. पट्टी कमी पडली तर पाट्याचे उघडे कांठ झिजतात, त्यांत पाणी मुरतें आणि पाटा कुजतो. लोहार सुताराचें काम पाहिल्यावांचून पट्टी कापीत नसे. मोटारीच्या जगांत हेंच तत्त्व पुढें फार महाग किंमत देऊन पुन्हा शिकावें लागलें.

पण त्याआधीं आपणांस थोडा वेळ इंग्लंडांत जावें लागेल. कारण आसन, कडें आणि जमीन या तिघांचा मेळ न बसल्यास काय होतें, याचा सर्वांत बोलका पुरावा तेथें आहे. अठराव्या शतकांत तेथील पथकराचे रस्ते जड मालगाड्यांच्या अरुंद चाकांनीं नांगरल्यासारखे होत. पार्लमेंटानें विचार केला, कीं चाक रुंद केलें म्हणजे तें रस्ता फाडण्याऐवजीं रूळ फिरविल्यासारखा दाबून काढील. म्हणून १७५३ सालीं कायदा झाला आणि अशा रस्त्यांवरील जड गाड्यांच्या चाकांची रुंदी निदान ९ इंच असावी असें ठरलें. पुढें १७७० च्या दशकांत तर १६ इंच रुंदीच्या चाकांना पथकरांतून सूट देण्यापर्यंत मजल गेली. कागदावर योजना उत्तम होती.

गाडीवाल्यांनीं काय केलें? त्यांनीं चाक रुंद केलें, पण जमिनीला टेकणारी रुंदी वाढूं दिली नाहीं. रुंद पाट्यावर एक पट्टी न चढवितां शेजारीं शेजारीं तीन चढवूं लागले, आणि त्यांतली मधली जाड ठेवूं लागले. मोजणाऱ्या अंमलदाराच्या फूटपट्टीला चाक ९ इंच भरे. रस्त्याला मात्र मधली पट्टीच लागे. कर चुकला, रस्ता पूर्वीसारखाच फाटत राहिला. दुसरी भानगड याहून सूक्ष्म होती. तेथील चाकें बशीसारखीं खोलगट असत आणि आंसाचीं टोकें खालीं वळविलेलीं असत, म्हणून चाकाची धार सपाट नळकांड्याची न होतां शंकूच्या तुकड्यासारखी होई. बाहेरच्या कडेचा व्यास लहान, आंतल्या कडेचा मोठा. आतां शंकू सरळ कसा धांवणार? तो वर्तुळांत फिरूं पाहतो. त्याला सरळ ओढलें कीं एक कड पुढें घसरते, दुसरी मागें घासते. चाक जितकें रुंद तितकी ही घासाघीस अधिक. म्हणजे रस्ता वांचविण्यासाठीं केलेलें रुंद चाक खडी दळणारें जातें बनलें. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या एका घड्याळजीनें १७९७ सालीं या विषयावर निबंध लिहून सपाट, नळकांडी चाकांचा पुरस्कार केला. एजवर्थ यानें १८१३ च्या आपल्या ग्रंथांत रस्ते आणि गाड्या यांचा एकत्रच विचार केला. घड्याळजीला जें दिसलें तें कायदे करणाऱ्यांना दिसलें नव्हतें, यांत मला नवल वाटत नाहीं. घड्याळजी दांतांत दांत बसतो कीं नाहीं हें पाहतो; कायदा फक्त माप पाहतो.

ही फसवणूक श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. दिसण्यांत रुंद, पण मध्यावरच टेकणारें चाक आपल्याला पुढें पुन्हा भेटणार आहे, आणि तेंही नाशकांत.

रबराची व वाऱ्याची धांव करावी ही कल्पना प्रथम रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं पेटंट केली. ती विस्मरणांत गेली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें मुलाच्या तीनचाकीसाठीं तीच पुन्हा शोधून काढली. थॉम्सनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यानें डनलॉपचें पेटंट पुढें टिकलें नाहीं, पण नांव टिकलें. खरी अडचण निराळीच होती. लोखंडी धांव आक्रसून लांकडाला धरून बसते; रबर तर ताणलें जातें, तें आसनाला धरून कसें राहावें? आरंभीं तें चिकटवीत, आणि पंक्चर झालें कीं तासन् तास खोळंबा होई. १८९० सालीं दोन उत्तरें पुढें आलीं. बार्टलेट यानें टायरच्या कडांना आंकड्यासारखा आकार दिला आणि त्या रिमच्या वळलेल्या कांठांत अडकविल्या. वेल्च यानें टायरच्या दोन्ही कडांत न ताणणारी पोलादी तार घातली आणि रिमच्या मध्यें एक खोलगट चर ठेविला. कड एका बाजूनें चरांत उतरविली म्हणजे दुसऱ्या बाजूनें ती कांठावरून चढवितां येते. मग आंतील हवा दोन्ही कडांना बाहेर रेटून आपापल्या जागीं बसविते. आज रस्त्यावर जवळजवळ प्रत्येक मोटार चालते ती या वेल्चच्या युक्तीवर. धांवेच्या बाबतींत जें काम निवणारें लोखंड करी, तें येथें हवेचा दाब करतो. आणि म्हणूनच रिमची रुंदी हा येथें जीवनमरणाचा प्रश्न होतो. दाबानें रेटलेल्या कडा कोठें जाऊन टेकणार हें रिमच्या रुंदीवर अवलंबून असतें.

बैलगाडीलाही हा लाभ मिळाला. डनलॉप कंपनीनें १९३६ सालीं कलकत्त्याजवळ सहागंज येथें कारखाना काढला, आणि पुढें बैलगाड्यांसाठीं खास टायर बनविले. निफाडकडील उसाच्या पट्ट्यांत आणि नगर जिल्ह्यांत अशा गाडीला कोणी टायरगाडी म्हणतात, कोणी नुसतें डनलॉप म्हणतात. मालक कोठें, कंपनी कोठें, नांव मात्र गाडीला कायमचें चिकटलें. रबरी चाकानें ओढ हलकी झाली, रस्त्याचीही झीज थांबली. पण बैलाचें ओझें कमी झालें असें मात्र कोणीं समजूं नये. ओढ हलकी झाली तशी वरची मोळी उंच झाली. चाकाची सुधारणा माणसानें घेतली. बैलाच्या वाट्याला पहिल्याइतकाच घाम राहिला.

आतां जीपगाडीकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेच्या विलिस कंपनीनें जी लहानगी चारही चाकांनीं ओढणारी गाडी सैन्यासाठीं बनविली, तिच्या टायरवर ६·००–१६ असें माप असे. पहिला आंकडा टायरच्या फुगलेल्या अंगाची रुंदी, ६ इंच. दुसरा रिमचा व्यास, १६ इंच. आणि रिमची रुंदी साडेचार इंच. सहाचे साडेचार म्हणजे बरोबर पाऊणपट. हें प्रमाण श्रोत्यांनीं मनांत धरून ठेवावें.

युद्ध संपलें आणि जीप नागरिकांच्या हातीं आली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या पेढीनें मुंबईस माझगांव येथें विलिस जीपगाड्यांची जुळणी आरंभिली. १९४८ पासून तिचें नांव महिंद्र आणि महिंद्र झालें. नाशिककरांना ही गाडी कधीं परकी वाटली नाहीं, कारण देवळालीच्या छावणीमुळें ती डोळ्यांच्या ओळखीची होती. पुढें सातपूरला याच कंपनीचा मोटारींचा आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना आला. ज्या घाटांत पूर्वीं बैलांच्या जादा जोड्या लावून गाड्या चढवीत, त्याच घाटाच्या माथ्यावर जीपचीं इंजिनें तयार होऊं लागलीं, याची मौज इतिहासाच्या शिक्षकाला वाटल्यावांचून कशी राहील! २०२० च्या ऑक्टोबरांत विक्रीस आलेली नवी थार नाशकांतच बनते. तिच्या दोन मापांच्या टायरांपैकीं एक २४५/७५ आर १६, दुसरें २५५/६५ आर १८. येथें रुंदी मिलिमीटरांत आहे. २४५ म्हणजे सुमारें ९·६ इंच. दुसरा आंकडा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा किती, तें सांगतो. २४५ च्या टायरचें माप ठरवितांना प्रमाण म्हणून ७ इंचांची रिम धरतात, २५५ च्या टायरला साडेसात इंचांची. श्रोत्यांनीं भागाकार करून पाहावा. दोन्ही ठिकाणीं उत्तर पाऊणपटीच्या जवळ येतें. ऐंशी वर्षांत रबर बदललें, तारा बदलल्या, ट्यूब गेली, वेग वाढला. उंच बाजूच्या टायरांपुरतें हें पाऊणपटीचें नातें मात्र फारसें हाललें नाहीं. शहरी मोटारींच्या बुटक्या बाजूच्या टायरांना रिम याहून रुंद लागते, तो विषय निराळा.

अर्थात् प्रमाण रिम म्हणजे एकमेव रिम नव्हे. प्रत्येक टायरला एक पट्टा ठरवून दिलेला असतो. २४५/७५ आर १६ ला साडेसहापासून आठ इंचांपर्यंतची रिम चालते. रिम अर्ध्या इंचानें रुंद केली कीं टायरचें अंग सुमारें ५ मिलिमीटरांनीं रुंदावतें. अरुंद केली कीं तितकेंच आक्रसतें. पट्ट्याच्या बाहेर गेल्यास काय होतें? रिम फार रुंद असेल तर टायरच्या बाजू ताणून ताठ उभ्या राहतात. धक्का गिळण्यासाठीं जी लवचिकता हवी ती जाते, आणि रिमचा कांठ उघडा पडून पहिल्या धारदार दगडावर वाकतो. पाट्याचे उघडे कांठ झिजत, तोच हा प्रकार. रिम फार अरुंद असेल तर दोन्ही कडा जवळ चिमटल्या जातात, टायर फुग्यासारखा गोलावतो आणि त्याचें तोंड मध्यें उंच होतें. रुंद टायर घेतला खरा, पण जमिनीला लागतो तो मधला पट्टा. तोच झिजतो, कडा नव्या राहतात. इंग्लंडांतील तीन पट्ट्यांचें चाक तें हेंच. फरक एवढाच कीं तेथें गाडीवाले सरकारला फसवीत होते, आणि येथें मालक पदरचे पैसे मोजून स्वतःला फसवितो. शिवाय वळणावर गाडीचें वजन एका बाजूला झुकलें कीं असा टायर अरुंद आसनावर डोलूं लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी, वर्गांत नेहमीं मागल्या बाकावर बसणारा पण हातानें कुशल, यानें एक जुनी जीप विकत घेऊन हौसेनें नीट केली. जुन्या साडेचार इंची रिमवरच त्यानें आमच्या शहरांतील एका दुकानांतून २३५ मिलिमीटरांचे टायर चढवून घेतले. व्यास जुळत होता, म्हणून टायर बसले. या मापाला निदान ६ इंचांची रिम लागते हें ना दुकानदारानें सांगितलें, ना त्यानें विचारलें. गाडी रुबाबदार दिसूं लागली. पावसाळ्यांत इगतपुरीकडच्या भातखाचरांतून जातांना चिखलासाठीं त्यानें नेहमींच्या रीतीप्रमाणें हवा कमी केली. तिसांवरून अठरा पौंडांवर आणली. उतारावर वळण घेतांना पुढच्या टायरची कड रिमवरून सुटली, हवा एकदम गेली आणि जीप बांधावरून खाचरांत कलंडली. हात मोडला, एवढ्यावर निभावलें. खाचरांत चिखल नसता आणि तेथें खडक असता, तर ही गोष्ट मला येथें सांगतां आली नसती.

हवा कमी करणें ही स्वतः चूक नव्हे. हवा कमी झाली कीं टायर लांबट पसरतो आणि मऊ जमिनीवर भार वांटला जातो. वाळूंत व चिखलांत जाणारे सर्वच तें करतात. परंतु कडांना जागेवर धरून ठेवणारा पहारेकरी म्हणजे हवाच. पहारा अर्धा केला तर आसन तरी अचूक हवें. म्हणून अनुभवी मंडळी डोंगरवाटांसाठीं ठरविलेल्या पट्ट्यांतली अरुंद बाजू पसंत करतात. तेथें टायरचें अंग रिमच्या कांठाबाहेर थोडें फुगून दगडापासून त्याचें रक्षण करतें, आणि कमी हवेंतही कड सहसा सुटत नाहीं. पट्ट्यांतली अरुंद बाजू, पट्ट्याबाहेरची नव्हे. माझ्या विद्यार्थ्याचें सारें दुखणें या दोहोंमधल्या अंतरांत होतें. फार कमी हवेवर चालणाऱ्यांसाठीं कडा बाहेरून कड्यानें आवळून धरणाऱ्या रिमही मिळतात. त्या स्पर्धेच्या कामाच्या.

मग मुळांत टायर रुंद हवा कीं अरुंद? याचें उत्तर माती देते. वाळूसारख्या खोल भुसभुशीत जमिनींत रुंद टायर तरंगतो आणि अरुंद रुततो. पण आमची निफाड-येवल्याकडची काळी जमीन पावसाळ्यांत निराळी वागते. वरचा थर लोण्यासारखा निसरडा आणि चिकट. पुष्कळ ठिकाणीं खालीं थोड्या अंतरावर मुरूम. रुंद टायर वरच्या लोण्यावरच घसरत राहतो आणि नक्षीच्या खांचा मातीनें भरून गुळगुळीत होतो. अरुंद टायर चिखल कापून मुरमाला जाऊन भिडतो आणि तेथें त्याला पकड मिळते. जुनी सहा इंची जीप आमच्या भागांत पावसाळ्यांत निघून जाई याचें रहस्य हें. जेथें काळी माती हातभर नव्हे तर पुरुषभर खोल आहे, तेथें मात्र दोघांचाही इलाज नाहीं. शेतकरी तेथें पावसांत गाडी जुंपीतच नसे, आणि त्याचें शहाणपण चार चाकांच्या ओढीनेंही जुनें झालेलें नाहीं.

कायद्याचाही एक शब्द सांगितला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, उत्पादकानें नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रांत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकाला गाडींत करतां येत नाहीं. पण १७५३ चा कायदा आपण पाहिलाच. अंमलदार फार तर बाहेरचें माप घेईल. आंतल्या कडा कोठें टेकल्या आहेत, हें टायर उतरविल्यावांचून त्याला कळणार नाहीं.

ज्यांना स्वतः पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं एवढेंच. टायरचें माप त्याच्या बाजूवर ठळक अक्षरांत असतें. रिमचें माप रिमवरच ठोकलेलें असतें. ७ जे × १६ असें दिसल्यास ७ ही रुंदी आणि १६ हा व्यास समजावा. अक्षरें गंजून गेलीं असतील तर टायर उतरल्यावर पट्टी लावावी, पण ती बाहेरच्या कांठापासून बाहेरच्या कांठापर्यंत लावूं नये. असें मोजल्यास दोन्ही कांठांची जाडी मिळून सुमारें एक इंच अधिक भरतो, आणि सहाची रिम सातची वाटते. टायरच्या कडा जेथें टेकतात, त्या दोन्ही कांठांच्या आंतल्या अंगांमधलें अंतर मोजावें.